शेवटच्या टेबलावरचे नऊजण

मे २००३. लास वेगासच्या जुन्या वस्तीतला बिनियन्स हॉर्सशू कॅसिनो. पोकरच्या जागतिक मालिकेतली मुख्य स्पर्धा दहा खेळाडूंवर आली आहे. आणखी एक जण गेला की नऊ उरतील आणि त्या रात्रीचा खेळ थांबेल. फिल आयव्हीच्या हातात दोन नव्व्या आहेत. समोर टेनेसी राज्यातून आलेला सत्तावीस वर्षांचा एक अकाउंटंट, ख्रिस मनीमेकर. हे त्याचं खरं आडनाव. त्याच्याकडे एक्का आणि राणी. टेबलावर पहिली तीन पानं उघडतात : राणी, राणी, छक्की. मनीमेकरच्या तीन राण्या झाल्या. चौथं पान नव्वी. आता आयव्हीकडे तीन नव्व्या आणि दोन राण्या, म्हणजे फुल हाउस. त्याच्या सगळ्या चिप्स पणाला लागल्या आहेत आणि अजून न दिसलेली पानं चव्वेचाळीस. त्यांतली सातच मनीमेकरला तारू शकतात : तीन एक्के, उरलेली एक राणी आणि तीन छक्क्या.

पाचवं पान एक्का निघालं. पुढे ज्याला अनेकांनी या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू मानलं, तो आयव्ही दहावा ठरला आणि उठून गेला.

पोकरमधल्या ‘फायनल टेबल’बद्दल बोलताना या एक्क्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. शेवटच्या टेबलावरच्या खेळाडूंचे परिचय आपण वाचतो तेव्हा तिथे सर्वोत्तम नऊजण बसलेत असं मनाशी धरून वाचतो. ते तसं नसतं. नशिबाने ज्यांना आतापर्यंत वगळलं आणि मिळालेल्या संधीचं ज्यांनी काहीतरी केलं, असे ते नऊजण असतात. या दोन गोष्टींचं प्रमाण प्रत्येकात वेगळं असतं, आणि नऊ चेहरे निरखण्यातली खरी गोडी तिथेच आहे.

ज्यांना तीन पत्ती ठाऊक आहे त्यांना हा खेळ लगेच कळेल. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, पाच पानं टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात आणि सातांतून उत्तम पाचांचा हात बांधायचा. मधल्या टप्प्यांवर बोली लावायची किंवा पानं टाकून द्यायची. त्या वर्षी प्रवेश फी होती १०,००० डॉलर. तेवढ्याच आकड्याच्या चिप्स प्रत्येकाला मिळाल्या. चिप्स संपल्या की बाहेर. पाळीपाळीने दोघांना पानं बघण्याआधीच सक्तीची बोली टाकावी लागते आणि ती ठरावीक वेळाने वाढत जाते, म्हणून नुसतं गप्प बसून कुणी टिकत नाही. खेळाडू होते ८३९. बाद झालेल्याच्या चिप्स टेबलावरच राहतात, दुसऱ्याच्या ढिगात जातात. त्यामुळे शेवटच्या दिवशी ८३ लाख ९० हजारांच्या सगळ्या चिप्स या नऊजणांपुढे रचलेल्या होत्या. एकट्या मनीमेकरपुढे २३ लाखांहून जास्त, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्याही वर.

डेव्हिड सिंगर पेशाने वकील, तो नववा आला. आठवा डेव्हिड ग्रे. मोठ्या रोख डावांचा मुरलेला खेळाडू आणि जागतिक मालिकेतलं एक अजिंक्यपद आधीच नावावर असलेला, पण त्या दिवशी त्याच्यापुढचा ढीग सगळ्यांत लहान होता. तेवढ्या तुटपुंज्या चिप्सवर अनुभव फार काही करू शकत नाही. यंग पाक सातवा. त्याचं आणि पाचव्या आलेल्या तोमेर बेन्व्हेनिस्तीचं नाव तोवर फार कुणाला माहीत नव्हतं. अशी दोन-तीन नावं प्रत्येक अंतिम टेबलावर असतात आणि ती असतात म्हणूनच पुढच्या वर्षी आणखी शेकडो लोक फी भरतात.

अमीर वाहेदीपाशी मात्र थांबायला हवं. जन्म इराणचा. इराण-इराक युद्धात तो सैनिक म्हणून लढला होता. त्यानंतर देश सोडून अमेरिकेत आला आणि पोकरवर पोट भरू लागला. त्याच मालिकेत काही दिवसांपूर्वी त्याने दुसरी एक स्पर्धा जिंकली होती. शेवटच्या टेबलावर तो चौदा लाखांच्या चिप्स घेऊन बसला, म्हणजे मनीमेकरच्या खालोखाल. आणि तो सहावा आला. वाहेदीचा खेळ असा की जिवंत राहायचं तर मरायची तयारी हवी. असा माणूस मोठा ढीग सांभाळत बसत नाही, तो ढीग सतत कामाला लावतो. त्या दिवशी ते काम फळलं नाही. त्याच्या हाराकिरीला बेफिकिरी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. हा स्वभाव नसता तर तो त्या खुर्चीपर्यंत पोचलाच नसता. २०१० मध्ये तो गेला.

चौथा जेसन लेस्टर आणि तिसरा डॅन हॅरिंग्टन, दोघेही मूळचे बॅकगॅमनकडून आलेले. आपल्या सारीपाटासारखाच तो खेळ, फासा नशिबाचा आणि सोंगटी आपली. न्यूयॉर्कच्या मेफेअर क्लबात एकेकाळी ब्रिज आणि बॅकगॅमन खेळणारी मंडळी जमत, हॅरिंग्टन त्यांतला. त्या मंडळींनी पोकरमध्ये आणला तो हिशेब. हॅरिंग्टन वकील होता, बुद्धिबळही चांगलं खेळत असे, आणि १९९५ मध्ये हीच मुख्य स्पर्धा तो जिंकला होता. डोक्यावर बोस्टन रेड सॉक्सची हिरवी टोपी, चेहऱ्यावर काही नाही. पानं बघायची, टाकून द्यायची, वाट बघायची.

त्याच्या खेळाचं गमक त्याने २००४ पासून बिल रॉबर्टीबरोबर लिहिलेल्या ‘हॅरिंग्टन ऑन होल्डेम’ या ग्रंथमालेत उलगडलं. आपल्या चिप्सना एका फेरीच्या सक्तीच्या बोलींनी भागायचं. येणारा आकडा सांगतो की काहीही न खेळता आपण किती फेऱ्या तग धरू. आकडा वीसच्या वर असेल तर वाट बघायला मुभा. तो पाचच्या आसपास आला की चांगल्या पानांची वाट बघणं हाच सर्वांत मोठा धोका, मग मध्यम हातावरही सगळं लावावं लागतं. या भागाकाराला त्याने बॅकगॅमनचा विजेता पॉल मॅग्रिएल याचं नाव दिलं. २००३ च्या त्या टेबलावर हॅरिंग्टन बसला तेव्हा त्याच्या चिप्स पावणेसहा लाखांच्या आसपास होत्या, नऊजणांत सातव्या क्रमांकाच्या. त्या घेऊन तो तिसरा आला. वाहेदी दुसऱ्यावरून सहावा आणि हॅरिंग्टन सातव्यावरून तिसरा. त्या दिवशी कोण कसं खेळलं हे माझ्या मते या दोन आकड्यांत सगळ्यांत चांगलं दिसतं.

उरले दोघे. सॅम फरहा बैरुतमध्ये जन्मलेला, लेबनॉनच्या यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेत आलेला, ह्यूस्टनचा मुरब्बी जुगारी. अंगात झकास सूट आणि ओठांत न पेटवलेली सिगारेट. समोर मनीमेकर. डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर ‘पोकरस्टार्स’ या संकेतस्थळाची टोपी. त्याच संकेतस्थळावर ८६ डॉलर भरून एका पात्रता स्पर्धेत त्याने इथली जागा मिळवली होती. प्रत्यक्ष टेबलावर बसून खेळलेली त्याची ही पहिलीच स्पर्धा. डोक्यावर कर्ज होतं. वेगासच्या खर्चासाठी त्याने होऊ घातलेल्या बक्षिसातले हिस्से वडिलांना आणि एका मित्राला विकले होते. दोघेच उरले तेव्हा त्याने फरहापुढे बक्षीस वाटून घेण्याचा प्रस्ताव ठेवला. फरहाने तो नाकारला.

मग तो डाव आला. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती. फरहाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. टेबलावर इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. फरहाची नव्व्यांची जोडी जमली. चौथं पान इस्पिक अठ्ठी. फरहाने तीन लाखांची बोली लावली, मनीमेकरने ती आठ लाखांवर नेली आणि फरहा सोबत आला. इथवर मनीमेकरचं धाडस आंधळं नव्हतं. आणखी एक इस्पिक आला तर त्याचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं), दश्शी किंवा पंजी आली तर सलग पाच पानं, राजा आला तरी फरहाच्या जोडीवर मात. चव्वेचाळीसांपैकी सतरा पानं त्याची होती. पाचवं पान बदाम तिर्री. सतरांतलं एकही नाही. त्याच्या हातात आता काहीच उरलं नव्हतं. आणि त्याने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

फरहा विचारात पडला. याचा फ्लश हुकला असणार, हे तो मोठ्याने बोलूनही गेला. त्याचं वाचन अचूक होतं. गॉगलमागचा चेहरा दगडासारखा, हालचाल शून्य. शेवटी फरहाने जिंकणारी पानं टाकून दिली. त्याने पानं दाखवायला लावली असती तर आघाडी त्याच्याकडे गेली असती आणि पुढचा इतिहास कदाचित वेगळा लिहिला गेला असता. त्यानंतर थोड्याच वेळात मनीमेकरच्या पंजी-चौकीवर गुलाम, पंजी, चौकी अशी पानं उघडली. फरहाकडे गुलाम आणि दश्शी होती, त्याला आपली गुलामांची जोडी पुरेशी वाटली. शेवटचं पान पुन्हा पंजी. मनीमेकरला २५ लाख डॉलर, फरहाला १३ लाख.

हे सगळं आपण इतक्या बारकाईने सांगू शकतो ते हेन्री ओरेनस्टाइन या गृहस्थामुळे. जन्म पोलंडचा, नाझी छळछावण्यांतून वाचलेला, अमेरिकेत येऊन खेळण्यांचा संशोधक झालेला. झाकलेली पानं प्रेक्षकाला दाखवणाऱ्या टेबलाचं पेटंट त्याने १९९५ मध्ये घेतलं. तोवर पोकर दूरचित्रवाणीवर बघणं म्हणजे गप्प माणसांकडे बघणं होतं. २००३ मध्ये ईएसपीएन वाहिनीने टेबलाच्या कडेचे हे छोटे कॅमेरे पुरेपूर वापरले. मनीमेकरच्या हातात काही नाही हे फरहाला दिसत नव्हतं, पण घरी बसलेल्या लाखो लोकांना दिसत होतं. फायनल टेबलवरच्या खेळाडूंचे परिचय लिहिण्याची रीत त्यानंतरच खरी बहरली, कारण पानं दिसली की माणूसही दिसू लागतो.

परिणाम आकड्यांत बघा. पुढच्या वर्षी मुख्य स्पर्धेला २,५७६ खेळाडू आले, २००५ मध्ये ५,६१९ आणि २००६ मध्ये ८,७७३. बरेचसे मनीमेकरच्याच वाटेने, संगणकावरून. २००६ च्या शरदात अमेरिकी कायद्याने ऑनलाइन जुगाराच्या पैशांच्या व्यवहारांवर घाव घातला आणि ती वाट अरुंद झाली. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. म्हणजे ८६ डॉलरची ती चाल इथून कुणाला खेळता येणार नाही. पणजीत मांडवीवर तरंगणाऱ्या कॅसिनोंतली टेबलं उरली. कर्जात बुडालेली घरं आपण आजूबाजूला पाहिली आहेत, त्यामुळे या बंदीमागची काळजी मला समजते. ८३९ जणांपैकी बहुतेक जण फीसुद्धा न वसूल होता परतले, आणि त्यांचे परिचय कुणी लिहिले नाहीत. पण कौशल्य आणि नशीब यांत कायद्याने फरकच करू नये, हे मात्र पटत नाही. हॅरिंग्टनचं उदाहरण समोर असताना तर नाहीच.

२००४ मध्ये गर्दी तिपटीहून अधिक झाली. नवखे, आक्रमक, संगणकावर हजारो डाव खेळून आलेले खेळाडू. त्यांतलाच एक पेटंट वकील ग्रेग रेमर, तोही पोकरस्टार्सवरून आलेला, ती स्पर्धा जिंकला. आदल्या वर्षीच्या नऊजणांपैकी त्या शेवटच्या टेबलावर पुन्हा एकच जण बसला होता. हिरवी टोपी घालून, पानं टाकत, वाट बघत डॅन हॅरिंग्टन चौथा आला आणि त्याला १५ लाख डॉलर मिळाले.