एक शहर, दोन विमानतळ : टोकियोची रात्र

नवी मुंबई विमानतळाचं ठरलेलं प्रकरण एक आठवडा पुढे ढकलतो आहे. कारण पुण्याच्या एका वाचक बाईंचं पत्र. मागच्या भागात लंडनच्या ओघात टोकियोचं नाव नुसतं येऊन गेलं होतं, तेवढ्यावरून त्यांनी लिहिलं. लेक आणि जावई टोकियोत निशी-कासाईला राहतात, बाई पहिल्यांदाच एकट्या निघाल्या आहेत. हातात तीन पर्याय आहेत. मुंबईहून थेट नारिताला, सकाळी पोचणारं विमान. दुसरं बरंच स्वस्त, वाटेत एकदा विमान बदलून रात्री साडेदहाला नारिता. तिसरं तसंच बदलून, पण रात्री हानेदाला. ‘सगळे म्हणतात नारिता फार लांब, हानेदाच घ्या. तुम्ही काय म्हणाल?’

टोकियोच्या या जोडीवर मी वर्षानुवर्षं वाचत आणि टिपणं काढत आलो आहे. त्यामुळे असं पत्र आल्यावर राहवत नाही. अख्खा भाग आज याच प्रश्नाला.

नकाशात बघितलं तर ‘सगळे’ म्हणतात ते बरोबर आहे. हानेदा शहराच्या दक्षिणेला, उपसागराच्या काठी, मध्य टोकियोपासून १५ किलोमीटरच्या आसपास. नारिता पूर्वेला, शेजारच्या चिबा प्रांतात, ६० किलोमीटरहून दूर. पण नारिताची ‘फार लांब’ ही ख्याती मुख्यतः जुन्या दिवसांतली आहे. १९७८मध्ये विमानतळ सुरू झाला तेव्हा तिथवर शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, न्यायची योजना होती. टर्मिनलखाली तिचं स्टेशन बांधूनही झालं, पण गाडी काही आली नाही. केइसेई कंपनीची रेल्वे यायची, पण तिचं स्टेशन टर्मिनलपासून दूर. प्रवाशांनी सामान घेऊन उतरायचं आणि पुढे बस पकडायची. तब्बल तेरा वर्षं हे चाललं. १९९१मध्ये त्याच रिकाम्या भुयारी स्टेशनात अखेर गाड्या आल्या, आणि २०१०मध्ये शिंकान्सेनसाठी आखलेल्या वाटेचा काही भाग वापरून केइसेईचा नवा मार्ग झाला. त्यावरून धावणारी स्कायलायनर ताशी १६० किलोमीटरचा वेग गाठते आणि दुसऱ्या टर्मिनलहून टोकियोतल्या निप्पोरीला ३६ मिनिटांत पोचवते. तिकीट अडीच हजार येनांच्या आसपास. दिवसाउजेडी उतरणाऱ्या माणसाला ६० किलोमीटरचा बाऊ करायचं कारण उरलेलं नाही.

शिवाय टोकियो म्हणजे काही नकाशावरचा एक ठिपका नव्हे. घर शिनागावाला असेल तर हानेदाहून केइक्यूच्या गाडीने तुम्ही पाव तासाच्या आत तिथे पोचता, त्यात वादच नाही. पण बाईंची लेक राहते ते निशी-कासाई एदोगावा वॉर्डात आहे, शहराच्या पूर्व टोकाला, चिबाच्या दिशेने. इथली भारतीय वस्ती २०००च्या सुमारास संगणक अभियंत्यांमुळे वाढली. तोझाई मेट्रो लाइनने मध्य टोकियोतल्या कचेऱ्या गाठायला सोपं, हे त्यामागचं एक मोठं कारण. याच एदोगावातून २०१९मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस वॉर्डाच्या सभागृहात निवडून गेला. नारिताहून केइसेईच्या साध्या गाडीने कात्सुतादाइला उतरलं, की शेजारच्या स्टेशनातून तोयो रॅपिडची गाडी मिळते. यातल्या सगळीकडे थांबणाऱ्या साध्या गाड्या पुढे तोझाई लाइनवर जाऊन थेट निशी-कासाईला थांबतात. हानेदाहून यायचं तर निहोम्बाशीला गाडी बदलून तोझाई लाइन धरायची. गाडी दोन्हीकडून एकदाच बदलायची आहे.

मग नारिता आणि हानेदात खरा फरक कुठे पडतो? तो पडतो रात्री.

हानेदा चोवीस तास उघडं असतं. नारिता रात्री बंद होतं. सुरुवातीची चाळीसेक वर्षं अकरा ते पहाटे सहा विमानांची ये-जा बंद असे. ऑक्टोबर २०१९पासून मुख्य धावपट्टीला मध्यरात्रीपर्यंतची मुभा मिळाली. एवढा मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ रोज रात्री झोपतो, त्याचं कारण तिथल्या गावांमध्ये आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

४ जुलै १९६६ रोजी जपानी मंत्रिमंडळाने सानरिझुका इथे आजचा नारिता विमानतळ करायचं ठरवलं. आधी हेरलेली तोमिसातोची जागा तिथल्या लोकांनी हाणून पाडली होती. सानरिझुकाला राजघराण्याची घोड्यांची कुरणं असल्याने सरकारी जमीन आयती हाताशी होती, उरलेली शेतकऱ्यांकडून घ्यायची होती. त्या शेतकऱ्यांमध्ये कितीतरी जण महायुद्धानंतर मांचुरियाहून आणि इतर ठिकाणांहून परतलेले विस्थापित. सरकारनेच त्यांना रान तोडून जमीन कसायला बसवलेलं. वीस वर्षं खपून ती पिकती झाली तोवर सरकारने ती परत मागितली, तीही त्यांना साधं न विचारता. तोमुरा इस्साकू यांच्या नेतृत्वाखाली विरोधी संघ उभा राहिला. बायकांनी स्वतःला झाडांना साखळ्यांनी बांधून घेतलं, माणसं जमिनीत भुयारं खणून आत बसली. पुढे विद्यार्थी संघटना आल्या आणि लढा हिंसक झाला. सप्टेंबर १९७१मधल्या एका चकमकीत तीन पोलीस मारले गेले. उद्घाटन ३० मार्च १९७८ला ठरलं होतं. चार दिवस आधी आंदोलक गटारांच्या बोगद्यातून आत शिरले, नियंत्रण मनोऱ्यावर चढले आणि त्यांनी हातोड्यांनी यंत्रं फोडली. विमानतळ उघडायला २० मे उजाडला, आणि तोही एकाच धावपट्टीवर. दुसरी धावपट्टी २००२मध्ये आली. वाटेत न विकलेली शेतं होती म्हणून ती ठरल्यापेक्षा आखूड, २१८० मीटरचीच झाली. ती २५०० मीटर करायला २००९ उजाडलं, आणि वाढवली तीसुद्धा उलट्या बाजूला, उत्तरेकडे. १९९५मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली. विमानतळाच्या दारात प्रत्येकाचे ओळखीचे कागद तपासायची पद्धत तर मार्च २०१५पर्यंत चालू होती. नुसतं पोचवायला आलेल्या नातेवाइकालाही त्यातून सुटका नव्हती.

म्हणून नारिताच्या रात्रीच्या बंदीकडे मी नुसता नियम म्हणून बघू शकत नाही. भोवती राहणाऱ्या माणसांची झोप तिच्यामुळे राखली जाते, आणि तिच्यामागे एवढी मोठी किंमत आहे.

इथे एक आडवाट घेतो. १९७८मध्ये सगळ्या परदेशी कंपन्या हानेदाहून नारिताला हलवल्या, तैवानची चायना एअरलाइन्स तेवढी मागे राहिली. जपानने १९७२मध्ये बीजिंगशी राजनैतिक संबंध जोडले होते. १९७४चा हवाई करार झाल्यावर तर तैवानने जपानशी विमानसेवाच तोडली. पुढच्या वर्षी ती सुरू झाली खरी, पण त्यासाठी जपान एअरलाइन्सला तैवानपुरती जपान एशिया एअरवेज ही वेगळी कंपनी काढावी लागली. बीजिंगची आणि तैपेईची विमानं एकाच विमानतळावर शेजारी उभी दिसू नयेत, म्हणून तैपेईवाल्यांना हानेदालाच ठेवलं. राजकारणात ज्यांना बाजूला सारलं, त्यांच्या प्रवाशांना जवळचा विमानतळ मिळाला, आणि तो २००२पर्यंत टिकला. चायना एअरलाइन्सचं एक विमान हानेदाहून पुढे होनोलुलूला जाई, त्यामुळे हवाईला निघालेले टोकियोकरही घराजवळून विमान मिळतं म्हणून तैवानी कंपनीचं तिकीट काढत. विमानतळ निवडायचं माणसाचं शहाणपण हे असं असतं. दारापासून दारापर्यंतचा हिशेब तो बरोबर मांडतो.

तर बाईंचा हिशेब मांडू. साडेदहाला नारिताला उतरलात. विमानातून बाहेर, इमिग्रेशन, सामान, कस्टम्स, यात पाऊण तास सहज जातो. स्वस्त कंपनीचं विमान असेल तर बहुधा तिसरं टर्मिनल. तिथून रेल्वेपर्यंत अर्ध्या किलोमीटरहून जास्त चालायचं. त्या वाटेवर धावण्याच्या शर्यतीसारखे पट्टे आखले आहेत, जाणाऱ्यांना निळे, येणाऱ्यांना तांबूस. पायांना मऊ लागतात, रस्ता चुकत नाही, पण घड्याळ थांबत नाही. शहराकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्या अकराच्या आगेमागे सुटतात. विमान वेळेवर आलं तरी त्या चुकण्याची भीती, अर्धा तास उशीर झाला तर गेल्याच म्हणायच्या. मग टॅक्सी, म्हणजे वीस हजार येनांच्या वर, नाहीतर दुसऱ्या टर्मिनलजवळचं कॅप्सूल हॉटेल, नाहीतर बाकडं. तिकिटात वाचवलेले पैसे तिथेच संपले.

हानेदाला रात्री उतरलात तर? विमानतळ जागा असतो, पण टोकियोच्या गाड्या झोपतात. मध्यरात्रीनंतर केइक्यूही नाही आणि मोनोरेलही नाही, थेट पहाटे पाचच्या सुमारास. तिथे वाचवतं ते अंतर. पंधरा-वीस किलोमीटरची टॅक्सी महाग पडली तरी परवडते, आणि जावई न्यायला येऊ शकतो. साठ किलोमीटरचं ओझं जाणवतं ते अशा वेळी, कारण दिवसा ते रेल्वे उचलते.

माझं उत्तर असं. बाई, सकाळचं थेट विमान घ्या, नारिताचं. रात्रीच्या प्रवासानंतर उजेडात उतराल, गाड्या चालू असतील, आणि अनोळखी देशात वाट विचारायला भोवती माणसं असतील. तेवढे पैसे होत नसतील तर हानेदाचं तिकीट घ्या. रात्री साडेदहाचं नारिता मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

आणखी एक गोष्ट सगळ्यांसाठी. टोकियोहून पुढे साप्पोरो, फुकुओका असा देशांतर्गत प्रवास असेल तर हानेदाला पहिली पसंती द्या, कारण देशातली बहुतेक विमानं तिथून सुटतात. एका विमानतळावर उतरून दुसऱ्याहून उडायची वेळ आली तर दोघांमध्ये थेट गाडी आहे, साधारण पावणेदोन तासांची. केइसेई, असाकुसा लाइन आणि केइक्यू अशा तिघांच्या रुळांवरून ती जाते. हे जमलं ते केइसेईने १९५९मध्ये आपल्या सगळ्या रुळांमधली रुंदी १३७२ मिलिमीटरवरून १४३५वर आणली म्हणून. गाड्या चालू ठेवून त्यांनी ते काम दोनेक महिन्यांत टप्प्याटप्प्याने पुरं केलं. त्या कामावर मला एकदा स्वतंत्र भाग लिहायचा आहे. तूर्त एवढंच, की विमानतळ बदलायचा असेल तर दोन विमानांमध्ये निदान पाच तास ठेवा.

पुढच्या आठवड्यात नवी मुंबई, नक्की. जमीन गेलेल्यांना मिळालेल्या साडेबावीस टक्क्यांच्या भूखंडांपासून सुरुवात करू, कारण विमानतळाची गोष्ट जमिनीपासूनच सुरू होते हे सानरिझुकाने दाखवलं आहे. तोवर वाचकांनी एक करावं. डोंबिवलीचे असोत, वसईचे असोत की पनवेलचे, आपल्या घरून सांताक्रूझ आणि उलवे या दोन्ही विमानतळांकडे रात्री अकरानंतर कसं जाता-येता येईल, किती वेळ लागेल आणि किती पैसे पडतील, हे कागदावर लिहून मला पाठवावं. किलोमीटर लिहिले नाहीत तरी चालेल, शेवटच्या गाडीची वेळ मात्र हवी.