बिझनेस क्लास : हिशेब काय सांगतो?

वाशीच्या घाऊक बाजारातून दुबईला जाणाऱ्या व्यापाऱ्याला आम्ही साधेच तिकीट घ्या म्हणू. तीन-साडेतीन तासांसाठी जादा पैसे कशाला? लंडनचा प्रवास मात्र नऊ-दहा तासांचा. बिझनेस क्लासमध्ये आडवे होऊन झोपता येते, सामानही जास्त नेता येते. पण भाडे सहसा काही पट असते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, साध्या तिकिटावर ५. नोंदणीकृत व्यापाऱ्याने धंद्याच्या प्रवासाच्या बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे कराची वजावट मागता येते. कंपोझिशन योजनेतल्या कारागिराला ती नाही. उतरताच मोठा सौदा असेल तरच हा खर्च परवडेल. नाहीतर एक दिवस आधी निघावे, हॉटेलात झोप घ्यावी आणि वाचलेले पैसे मालात घालावेत.