ऊर्जेचा हिशेब आणि न्यूट्रिनो

ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. तिची एकूण राशी मात्र अचल राहते. मायर, ज्यूल व हेल्महोल्ट्स यांच्या १८४० नंतरच्या कार्यातून हा सिद्धान्त प्रस्थापित झाला. परंतु जी ऊर्जा मापनात आढळत नाही तिने अन्य रूप धारण केले, असे म्हणण्याचा अधिकार विज्ञानाला कोठून प्राप्त होतो? बीटा-ऱ्हासाच्या अभ्यासात या प्रश्नाची खरी कसोटी लागली.

ऱ्हासापूर्वीची आणि नंतरची अणुगर्भाची ऊर्जा निश्चित असते. तेव्हा बाहेर पडणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनाची ऊर्जा सारखीच असावयास हवी. १९१४ साली चॅडविक यांना मात्र ती अखंड पसरलेली आढळली. सर्व इलेक्ट्रॉन कमाल ऊर्जेनेच निघतात व वाटेत तिचा काही भाग गमावतात, असे मानावे, तर तो भाग उष्णतारूपाने सापडला पाहिजे. एलिस व वूस्टर यांनी १९२७ साली रेडियम-ई, म्हणजेच बिस्मथ-२१०, उष्णतामापकात ठेवून हे तपासले. कमाल ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून अधिक होती. प्रत्येक ऱ्हासामागे उष्णता भरली ती केवळ सुमारे साडेतीन लाखांची, म्हणजे सरासरीइतकीच. उरलेली ऊर्जा उपकरणात नव्हतीच.

अणुगर्भात हा नियम केवळ सरासरीनेच पाळला जात असावा, असे बोर यांनी सुचविले. उलट पाउली यांनी १९३० साली असे कल्पिले की, इलेक्ट्रॉनाबरोबर एक विद्युत्भाररहित, अत्यल्प वस्तुमानाचा कण निसटतो व दोघांच्या ऊर्जांची बेरीज अचल राहते. नियम सरासरीपुरताच खरा असता, तर इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेला निश्चित कमाल मर्यादा असण्याचे कारण उरत नव्हते. पाउलींच्या कल्पनेत ती आपोआप येते. फर्मी यांनी १९३४ साली याच कणाच्या आधारे ऊर्जावाटपाचे गणित मांडले.

तथापि, हिशेब जुळविण्यासाठी कल्पिलेला कण स्वतंत्रपणे सापडल्याशिवाय शंका मिटणारी नव्हती. १९५६ साली राइन्स व कॉवन यांनी अमेरिकेतील सव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीजवळ तो पुरावा मिळविला. भट्टीतून येणारा प्रतिन्यूट्रिनो पाण्यातील प्रोटॉनावर आदळला की पॉझिट्रॉन व न्यूट्रॉन निर्माण होतात. पॉझिट्रॉनाच्या विलयाचे गॅमा-किरण प्रथम दिसतात. काही मायक्रोसेकंदांनी कॅडमियमने न्यूट्रॉन ग्रहण केल्याची खूण मिळते. या जोडखुणेने कणाचे अस्तित्व सिद्ध झाले.

ऊर्जेच्या अक्षय्यतेचे सामर्थ्य हेच की, हिशेबातील तूट दिसताच ती नव्या रूपाचा शोध घ्यावयास लावते. आणि ते रूप प्रयोगात सापडेपर्यंत हिशेब पुरा झाला असे मानू देत नाही.