डेस्कटॉपचं बिऱ्हाड

सकाळी 8
वणीहून मुकुटबनला निघालो. 2022 साली तिथं वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला, त्यामुळे रस्त्यावर माझी मोटरसायकल एकटी कधी नसते. मागे-पुढे बल्कर आणि डंपर. आजचं काम एका वाहतूक ठेकेदाराच्या ऑफिसात आहे. तिथं तीन पाळ्या, कॉम्प्युटर कमी, माणसं जास्त. रात्रपाळीवाल्यानं केलेली गाड्यांची यादी त्याच्याच मशीनमध्ये अडकून पडते, आणि सकाळी त्या खुर्चीवर दुसराच कोणीतरी बसलेला असतो. माणूस कुठंही बसला तरी त्याचा डेस्कटॉप, सेटिंग आणि फाइली समोर याव्यात, म्हणून रोमिंग प्रोफाइल लावायचं ठरलं.

सकाळी 9
आधी सर्व्हर. प्रोफाइलसाठी एक फोल्डर केला, तो शेअर केला आणि नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं. त्यामुळे नेटवर्कमध्ये सहज डोकावणाऱ्याला तो दिसत नाही. परवानग्यांची गाठ इथंच बसते. मूळ फोल्डरमध्ये माणसाला फक्त आपला नवा फोल्डर करता यावा, दुसऱ्याचा उघडता येऊ नये. इथं सगळ्यांना सगळं मोकळं केलं की पुढं महिनाभर निस्तरत बसावं लागतं.

सकाळी 10
अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक युजरच्या प्रोफाइल टॅबवर त्या शेअरचा पत्ता टाकला. सगळी मशीन सर्व्हरचाच डीएनएस वापरतात ना, घड्याळं जुळतात ना, तेही पाहिलं. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिन अडतं, आणि शिव्या नेटवर्कला बसतात.

सकाळी 11
चाचणीचा एक युजर केला. एका मशीनवर वॉलपेपर बदलला, लॉग ऑफ केलं, दुसऱ्या मशीनवर बसलो. वॉलपेपर हजर! लॉगिन करताना प्रोफाइल सर्व्हरवरून उतरतं आणि लॉग ऑफ करताना परत वर जातं, एवढाच सगळा खेळ. वजनकाट्यावरच्या जुन्या विंडोज 7 वर मात्र कोरा डेस्कटॉप आला. बिघाड नव्हता. विंडोज 7 आपलं प्रोफाइल व्ही2 शेपटीच्या फोल्डरमध्ये ठेवतं, विंडोज 10 च्या नव्या आवृत्त्या आणि 11 व्ही6 मध्ये. दोघांचं एकमेकांशी जमत नाही.

दुपारी 1
डबा. भाकरी, तुरीचं वरण, ठेचा.

दुपारी 2
खरी माणसं बसली. हिशेबवाल्या ताईंचं लॉगिन काही केल्या संपेना. पाहिलं तर डेस्कटॉपवर भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ. दर लॉगिनला ते सगळं बिऱ्हाड तारेवरून येणार आणि जाणार. म्हणून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही फोल्डर रीडायरेक्ट करून कायमचे सर्व्हरवरच ठेवले. आता फाइली जागच्या हलत नाहीत, मशीन फक्त त्यांच्याकडे बोट दाखवतं. काट्यावरच्या विंडोज 7 लाही त्याच फाइली दिसू लागल्या. व्हिडिओ ताईंनी पेनड्राइव्हवर घेतले.

दुपारी 3
"भाऊ, माह्यं पत्र असं काऊन दिसून राह्यलं?" कारकुनानं हाक मारली. ग्रामपंचायतीला लिहिलेल्या मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा. पत्र कृतिदेवमध्ये टाइप केलेलं, आणि फॉन्ट त्याच्या जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरमध्ये. कीबोर्डची निवड प्रोफाइलबरोबर फिरते, पण मशीनवर बसवलेला फॉन्ट फिरत नाही. तो प्रत्येक मशीनवर टाकला. नवी पत्रं युनिकोडमध्ये लिहा, असंही सांगितलं. त्यानं मान हलवली. लिहील की नाही, देव जाणे.

दुपारी 4
लाईट गेली. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू, पण नेटवर्कचा स्विच साध्या प्लगवर, तो बंद. तेवढ्यात एकानं लॉग ऑफ केलं. त्याचं प्रोफाइल वर पोचलंच नाही. बदल त्याच मशीनवर राहिले. शेजारच्या मशीनवर बसला असता तर जुनंच दिसलं असतं. पहिलं काम, स्विच यूपीएसवर घेतला. इतक्या खटपटीत सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे ही एक वायर.

संध्याकाळी 5
पाळी बदलायच्या आधी सगळ्यांना उभ्या उभ्या सांगितलं: उठताना लॉग ऑफ करा, नुसती स्क्रीन बंद करू नका. एकाच नावानं दोन मशीनवर बसू नका. शेवटी जो लॉग ऑफ करील, त्याची सेटिंग उरते. सुपरवायझर म्हणाले, "म्हणजे पासवर्ड एकमेकाले द्यायचा नाही, असंच ना जी?" असंच.

संध्याकाळी 6
निघताना मालकांनी विचारलं, "आता सगळं सर्व्हरवर हाय, तर बॅकअपचा खर्च वाचला ना?" उलट आहे, म्हटलं. एकानं इथं फाइल पुसली की ती सगळ्या मशीनवरून पुसली गेली. आणि पूर्वी एक डिस्क गेली तर एकाचं काम जायचं, आता सर्व्हरची गेली तर सगळ्यांचं जाईल. त्यांनी थोडं कुरकुर करून बाहेरच्या हार्ड डिस्कचे पैसे मंजूर केले. रोज रात्री 2 वाजताचा बॅकअप लावला आणि मगच हेल्मेट घातलं.