अंगणातल्या तुरेवाल्या दादाची दादागिरी

परसात झाडायला वाकावं आणि मागून पोटरीवर फाडकन लाथ बसावी! हो, लाथच. कोंबडा खरा लढतो तो पायांनी. उडी घेऊन दोन्ही पाय पुढे फेकतो आणि पायामागचे काटे रुतवतो. हा काटा आतून हाडाचा, वरून नखासारखा टणक असतो आणि वयाबरोबर वाढत जातो. म्हणून जुना कोंबडा तरण्यापेक्षा जास्त लागतो.

मस्ती चढते साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात. काल नातवाच्या मांडीवर बसणारं पिल्लू आज त्याच्याच अंगावर धावून जातं. कारण रक्तात आहे. जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी 1849 मध्ये कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले. तुरा वाढला नाही, आरवणं आणि भांडणंही थंडावली. काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, तर सगळा तोरा परत आला! संप्रेरकांच्या विज्ञानाची सुरुवात याच प्रयोगापासून मानतात.

हल्ला सहसा सांगून येतो. मानेची पिसं फुलतात, एक पंख खाली पडतो आणि स्वारी तिरकी चालत तुमच्याभोवती फिरू लागते. कोंबडीला रिझवतानाही तो असाच फिरतो. पण पिसं फुलवून नजर तुमच्यावर रोखली असेल, तर सावध व्हा.

भांडण असतं मानाचं. कोण कोणाला टोचणार याची कोंबड्यांमध्ये ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलेफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी ती 1921 मध्ये मांडली. कोंबड्यांचं निरीक्षण ते लहानपणापासूनच करत होते. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये आणखी मजेदार गोष्ट दाखवली: पहाटे पहिली बांग वरच्या मानकऱ्याची, मग बाकीचे आपापल्या पायरीने. घरातली माणसंही याच उतरंडीत मोजली जातात, असं मला वाटतं. म्हणून तर घाबरून पळणाऱ्यामागे तो हटकून लागतो.

पण याच भांडखोराचं दुसरं रूप बघा. दाणा सापडला की आधी स्वतः गिळत नाही. टुक-टुक करून कोंबड्यांना बोलावतो. घार दिसली तर एक हाक, कुत्रं किंवा मुंगूस दिसलं तर वेगळीच! धोका आकाशात आहे की जमिनीवर, हे कळपाला नुसत्या आवाजावरून कळतं. हा पहारेकरी मला मनापासून आवडतो. तुमच्या अंगावर येतो तोही बहुधा राखण करतानाच.

मग करायचं काय? मारू नका. काठी घातली की त्याच्या लेखी ती झुंजच, आणि उद्या तो दुप्पट जोराने येणार. पळूही नका. शांत उभं राहा, मध्ये बादली किंवा सूप धरा, तो बाजूला होईपर्यंत हलू नका. त्याच्यासमोर कोंबड्या धरू नका. पकडायचाच असेल तर अंधार पडल्यावर खुराड्यातून उचला. कोंबड्यांना रात्री फारसं दिसत नाही, त्यामुळे तो मुकाट हाती येतो. पंख दाबून काखेत धरा आणि सुटायची धडपड थांबल्यावरच खाली सोडा. काट्यांची टोकं कानशीने बोथट करता येतात, पण मुळापर्यंत जाऊ नका, रक्त येतं. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या पुरेत. दोन कोंबडे आणि चार कोंबड्या ठेवल्या, तर रोजच धुमश्चक्री.

नुसती अंडी हवी असतील तर कोंबडा लागतच नाही! कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालते. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवून पिल्लं काढायची, तरच त्याची गरज. तेव्हाही भांडखोर नराची पिल्लं धरू नका. स्वभाव पुढच्या पिढीत उतरतो.

जखम हसण्यावारी नेऊ नका. काट्याचं भोक लहान दिसलं तरी खोल असतं. साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. लहान मुलांच्या तर तो थेट डोळ्यांपर्यंत पोचतो. इतकं करूनही कोंबडा पोरांवर झेपावत असेल, तर त्याला वेगळा कोंडा किंवा काढून टाका. पोराच्या डोळ्यापेक्षा कोंबडा मोठा नाही.