आयरिश दंतकथांची उसनवारी

आयरिश लोकश्रद्धेत बॅन्शी ही स्त्रीरूपी आत्मा असते. तिचा आक्रोश ऐकू आला की घरातल्या कुणाचा तरी मृत्यू जवळ आला, असे मानत. मार्व्हलने १९६७ मध्ये एक्स-मेन मालिकेत याच नावाचे पात्र आणले, पण ते पुरुषाचे. आक्रोश तेवढा उरला आणि त्याचे शस्त्र झाले.

ब्रिटिश साप्ताहिक ‘२००० एडी’मध्ये १९८३ साली अवतरलेल्या ‘स्लॉन्या’ची उसनवारी अधिक खोल आहे. पॅट मिल्स आणि अँजेला किनकेड यांचा हा योद्धा संतापला की त्याचे शरीर विद्रूप होऊन फुगते. याचे मूळ अल्स्टरचा वीर कू खुलिन याच्यात सापडते. मध्ययुगीन गोहरणकथेत रणावेशाने त्याचा एक डोळा आत ओढला जातो, तर दुसरा बाहेर लोंबतो.

जाहिरातीत मात्र भीतीला जागा नसते. लेप्रेकॉन हा एकलकोंडा, सोने दडवणारा बुटका चांभार. जुन्या वर्णनांत तो अनेकदा लाल अंगरख्यात दिसतो. अमेरिकेत १९६४ साली आलेल्या ‘लकी चार्म्स’ या न्याहारीच्या पदार्थाने त्याला हिरव्या वेशातला हसरा सवंगडी केले. पाठलाग आणि निसटणे तेच राहिले. सोन्याच्या जागी मार्शमॅलो आले.