युरोपची सहल: शहरं नव्हे, रात्री मोजा

‘दहा दिवसांत सहा शहरं’ असा बेत कागदावर झकास दिसतो. पण ऐकीव माहितीवर तो आखला, तर पैसे जातात आणि दिवसही हातचे निसटतात.

गैरसमज: ज्या देशाचा व्हिसा पटकन मिळतो, त्याच्याकडे अर्ज करावा.
वस्तुस्थिती: शेंगेन गटातले 29 देश एकाच व्हिसावर फिरता येतात, हे खरं. पण अर्ज करायचा तो सर्वाधिक दिवस जिथे राहणार त्या देशाकडे. पॅरिसला चार दिवस, इंटरलाकेन आणि रोमला तीन-तीन असतील, तर फ्रान्सकडे. मुक्काम सारखाच असेल, तर आधी जिथे उतरणार त्या देशाकडे. ब्रिटन या गटात नाही. त्याचा व्हिसा वेगळा. मधेच लंडन करून पुन्हा पॅरिसला यायचं असेल, तर शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो.

गैरसमज: जिथे उतरायचं, तिथूनच परतीचं विमान धरावं.
वस्तुस्थिती: तशी सक्ती नाही. तिकीट काढताना ‘मल्टि-सिटी’ पर्याय निवडून पॅरिसला उतरा आणि रोमहून निघा. पुन्हा पॅरिस गाठण्याचा खर्च आणि जवळजवळ एक दिवस वाचतो. दोन्ही पर्यायांचे दर मात्र ताडून पाहा.

गैरसमज: रेल्वेचा पास घेतला की कुठल्याही गाडीत चढावं.
वस्तुस्थिती: युरेल पास असला तरी फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा आणि युरोस्टार यांना आरक्षण लागतंच आणि त्याचे पैसे वेगळे. स्वित्झर्लंडच्या बहुतेक गाड्यांत ही कटकट नाही. पण तिथल्याच युंगफ्राउयोख या डोंगरखिंडीत वर नेणाऱ्या गाडीत पासावर फक्त सवलत मिळते. दोन-तीनच लांबचे टप्पे असतील, तर आधी काढलेली सुटी तिकिटं अनेकदा स्वस्त पडतात.

गैरसमज: विमानाने वेळ वाचतो.
वस्तुस्थिती: पॅरिस ते ॲमस्टरडॅम थेट गाडी साडेतीन तासांच्या आत पोचवते, तीही शहराच्या मध्यावर. उलट काही स्वस्त विमानं ‘पॅरिस’ म्हणून ज्या बोव्हे विमानतळावर उतरवतात, तो शहरापासून 80 किलोमीटरच्या आसपास दूर आहे.

गैरसमज: दोन रात्री म्हणजे दोन दिवस.
वस्तुस्थिती: पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस सामान, हॉटेल आणि स्टेशन यांतच जातो. हाती उरतो एक. पॅरिसचं लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. तुमचा तो एक दिवस मंगळवारी आला, तर पॅरिसला जाऊनही मोनालिसा राहते.